झाकोपानेची लाकडी घरं: नक्षी नंतर, आधी कोपरा बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरचं एक जोडपं डिसेंबरात लेकीकडे पोलंडला, क्राकूफला चाललंय. तिथून दोन-तीन दिवस झाकोपानेला जायचं आहे. पारंपरिक लाकडी घरांसाठी हे थंड हवेचं ठिकाण प्रसिद्ध आहे हे त्यांना माहीत आहे, पण फोटोंत जुनं-नवं सगळं एकसारखं दिसतं, तर अस्सल कसं ओळखायचं, हा पहिला भाग. दुसरा भाग असा, की गगनबावड्याजवळ त्यांची थोडी जमीन आहे. तिथे याच पद्धतीचं ओंडक्यांचं घर बांधून पर्यटकांना भाड्याने द्यावं का?

मी लाकडी इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो. इकडे वाडे आणि देवळांचे सभामंडप, आणि मधल्या काळात दक्षिण पोलंडमधल्या सुतारांच्या हाताखाली. त्यामुळे उत्तर लांबणार, आणि ते सुताराच्या बाजूने झुकलेलं असणार.

आधी पहिला गैरसमज दूर करू. झाकोपानेत ज्याला सरसकट ‘पारंपरिक’ म्हणतात ते एक नसून तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, शेतकरी-मेंढपाळांनी स्वतःसाठी बांधलेली जुनी घरं. दोन, १८९० नंतर एका चित्रकाराने त्या घरांवरून घडवलेली ‘झाकोपाने शैली’. आणि तीन, गेल्या तीस-चाळीस वर्षांतली हॉटेलं आणि गेस्टहाउसं, ज्यांच्यात काही फार उत्तम आहेत आणि पुष्कळशी काँक्रीटवर चिकटवलेली लाकडाची साल आहेत. हे तिन्ही थर वेगळे करता आले की गाव वाचता येतं.

गाव तात्रा पर्वताच्या पायथ्याशी आहे, क्राकूफच्या दक्षिणेला साधारण १०० किलोमीटरवर, ८०० ते १००० मीटर उंचीवर. या पट्ट्याला पोदहाले म्हणतात आणि तिथल्या डोंगरी लोकांना गुराले. जमीन दगडाळ, ओट आणि बटाटा सोडला तर फारसं काही न पिकणारी. पण स्प्रूसचं जंगल दारात. स्प्रूस म्हणजे सरळसोट वाढणारा, हलका, मऊ लाकडाचा सूचिपर्णी वृक्ष. सागवानाशी त्याची तुलनाच नको. तो टिकाऊ नाही, किडीला गोड लागतो, पण लांब मिळतो, तासायला सोपा जातो आणि थंडी अडवतो. गुराले सुतारांचं सगळं शहाणपण या एका मऊ लाकडाचे दोष सांभाळून घेण्यात गेलं आहे. बाकी सौंदर्य वगैरे त्यातून आलं.

जुन्या घराची रचना साधी असे. दर्शनी बाजू दक्षिणेला, कारण हिवाळ्यात ऊन तिकडूनच मिळतं. मधोमध आडवी वाट, म्हणजे आपली देवडी म्हणा, आणि तिच्या दोन बाजूंना दोन खोल्या. एक ‘काळी’, एक ‘पांढरी’. काळ्या खोलीत चूल, झोपणं, कातणं, सगळं रोजचं जगणं. धुराडं नव्हतं त्या काळात धूर खोलीतच फिरून छपरातून निघे, म्हणून भिंती काळ्या. पांढरी खोली पाहुण्यांसाठी, सणासाठी, ठेवणीतल्या कपड्यांसाठी. वर गवताचा माळा. पांढऱ्या खोलीत शिरलात की मान वर करा. छताच्या कड्या पेलणारी जी मुख्य तुळई असते तिला ते सोस्रेंब म्हणतात. तिच्यावर बांधल्याचं वर्ष, कधी मालकाचं किंवा सुताराचं नाव, आणि सहा पाकळ्यांचं फूल कोरलेलं असतं. घराचा जन्मदाखला तिथे असतो. दर्शनी भिंतीवर तो शोधत बसू नका.

आता भिंत. ओंडका उभा चिरून दोन अर्धुकं करायची आणि ती आडवी एकावर एक रचत जायचं. जुनी झाडं इतकी जाड होती की चार-पाच अर्धुकांत भिंत पुरी होई. ओंडक्याचं बुडखा टोक जाड, शेंडा बारीक, म्हणून एका थरात बुडखा डावीकडे आला तर पुढच्या थरात उजवीकडे, म्हणजे भिंत पातळीत राहते. दोन अर्धुकांच्या मधल्या फटीत पूर्वी शेवाळ ठासत, नंतर लाकडाच्या बारीक लांब सालपटांचा पीळ घालून वेणी ठोकायला लागले. या वेणीला वेव्न्यान्का म्हणतात. दुरून भिंतीवर जे सोनेरी आडवे पट्टे दिसतात ते हेच. लोकांना ती सजावट वाटते. तिचं काम मात्र वारा अडवायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाकूड आकसलं-फुगलं तरी सांधा भरलेला ठेवायचं. सिमेंट किंवा आजचे रबरी पदार्थ तिथे भरले की काही वर्षांत कडेने सुटतात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. दुरुस्तीला आलेल्या कितीतरी भिंती मी अशा ‘कायमच्या बंदोबस्तामुळे’ कुजलेल्या पाहिल्या आहेत.

आणि कोपरा. मी कोपरा बघा म्हणतो ते यासाठी की ओंडक्यांच्या घराला खांब नसतात. घर उभं राहतं ते दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींना कशा धरतात त्यावर. पोदहालेत अर्धुकाच्या टोकाला उतरते कंगोरे काढून डव्हटेलसारखा, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा टोकाकडे रुंदावणारा, सांधा करतात. वरचं वजन जितकं वाढेल तितका तो आवळत जातो. टोकं कोपऱ्याबाहेर थोडी काढलेली असतात. वळचणीखाली मात्र ही टोकं पायरीपायरीने जास्त बाहेर येत जातात आणि छपराचा पुढे आलेला भाग त्यांच्यावर टेकतो. आपल्या वाड्यात खांबावरचे घोडे, म्हणजे लाकडी टेकू, जे काम करतात तेच काम. नक्षी असते ती अशा जागी, जिथे लाकडाचं काम संपतं आणि टोक उघडं राहतं. ते टोक गोल, कलतं, पाणी निथळेल असं कापायचं, आणि कापतोच आहोत तर जरा देखणं कापू. गुराले नक्षीचा उगम मला तरी याहून वेगळा कधी वाटला नाही.

आता दुसरा थर. १८७० च्या दशकात वॉर्सातले डॉक्टर तीतुस हावुबिन्स्की इथे येऊ लागले आणि त्यांनी इथल्या हवेचा गवगवा केला. १८८६ मध्ये गावाला आरोग्यस्थान म्हणून मान्यता मिळाली, १८९९ मध्ये रेल्वे आली. क्षयाचे रोगी, त्यांच्यामागून लेखक, चित्रकार, गिर्यारोहक अशी रांग लागली. क्युरीबाईंची थोरली बहीण ब्रोनिस्वावा आणि तिचा नवरा काझिमिएश द्वुस्की, दोघेही डॉक्टर, यांनी १९०२ मध्ये इथे मोठं क्षयरुग्णालय सुरू केलं. एवढ्या लोकांना राहायला बंगले हवे होते. तेव्हा फॅशन होती स्विस आणि टिरोली (ऑस्ट्रियाच्या आल्प्समधल्या टिरोल प्रांतातल्या) बंगल्यांची, जाळीदार फळ्यांचे व्हरांडे वगैरे. १८७६ मध्ये सुरू झालेल्या लाकूडकामाच्या शाळेतसुद्धा गुराल्यांच्या पोरांना टिरोली नमुनेच गिरवायला लावत. म्हणजे ज्यांच्या आजोबांना हा सांधा झोपेत घालता येत होता त्यांना परक्या वळणाचे कित्ते.

स्तानिस्वाव वित्क्येविच या चित्रकार-समीक्षकाला हे खटकलं. तो १८८६ मध्ये पहिल्यांदा इथे आला आणि १८९० पासून राहिलाच. त्या वेळी पोलंड नावाचं राज्य नकाशावर नव्हतं. १७९५ पासून रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने ते वाटून घेतलेलं होतं, आणि झाकोपाने ऑस्ट्रियाच्या वाट्याला होतं. वित्क्येविचचा दावा होता की या झोपड्यांत अस्सल पोलिश बांधणी टिकून राहिली आहे, तिच्यातून साऱ्या देशाची शैली उभी करता येईल. झिग्मुंत ग्नातोफ्स्की नावाच्या जमीनदाराला आपला डोंगरी वस्तूंचा संग्रह ठेवायला साधंसं गुराले घर हवं होतं. वित्क्येविचने त्याचं मन वळवलं आणि १८९२-९३ मध्ये कोश्चेलिस्का रस्त्यावर ‘कोलिबा’ बंगला उभा राहिला. झाकोपाने शैलीची ही पहिली इमारत.

त्याने नेमकं काय केलं, तर घराचं जोतं उंच दगडी केलं आणि उतारावर त्यात खोल्या बसवल्या. माळ्यावर गवताऐवजी माणसं राहतील म्हणून छपरातून डोकावणाऱ्या खिडक्या काढल्या. व्हरांडे जोडले, धुराडी उभारली, खिडक्या मोठ्या केल्या. वळचणीखालची टोकं आणखी बाहेर काढली, त्रिकोणी दर्शनी भिंतीवर उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या फळ्या मारल्या, आणि खुर्ची, पडदा, भांड्यापर्यंत सगळं त्याच भाषेत आखलं. सांधे मात्र सुतारांवर सोपवले, आणि ते गुराले सुतार होते म्हणून हे बंगले आजही सरळ उभे आहेत.

‘ही खरी लोककला नाही, एका शहरी माणसाने मांडलेलं रूप आहे’ असं नाक मुरडणारे जाणकार तुम्हाला भेटतील. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. राष्ट्रीय शैलीचा दावा फुगवलेला होताच. मेंढपाळाच्या घरावरून अख्ख्या देशाची वास्तुकला निघत नसते, आणि शेजारच्या स्लोव्हाक डोंगरातही याच जातीची घरं आहेत. पण सुतारकामाच्या अंगाने पाहिलं तर त्याने हस्तकौशल्याला मोठी गिऱ्हाइकं मिळवून दिली. ती नसती तर १९३० पर्यंत हा सांधा घालणारे हात शिल्लक राहिले असते का, मला शंका आहे.

बघायचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्या सकाळी कोश्चेलिस्का रस्ता, चालत. गावातला हा सर्वात जुना रस्ता. सुरुवातीलाच १८४७ मध्ये बांधायला घेतलेलं छोटं लाकडी चर्च आहे, आणि त्याला लागून पेंक्सोवी ब्झिझेक ही दफनभूमी. हावुबिन्स्की, गुराले कथेकरी साबावा आणि वित्क्येविच, तिघेही इथे आहेत. वित्क्येविच क्षयानेच १९१५ मध्ये एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर गेला, त्याला इथे आणून पुरलं. कोरीव लाकडी स्मृतिखांब बघत फिरा, पण पाय घसरेल याचं भान ठेवा, बर्फ तुडवून तुडवून काच झालेला असतो.

त्याच रस्त्याने पुढे कोलिबा. आता तिथे झाकोपाने शैलीचं संग्रहालय आहे. मात्र माझं ऐकाल तर कोलिबाच्या आधी ‘द्रोगा दो रोयूफ’ या गल्लीतलं गाँशेनित्सा-सोब्चाक घराण्याचं जुनं घर बघा. तेही तात्रा संग्रहालयाचीच शाखा आहे. आधी शेतकऱ्याचं घर, मग त्यावरून काढलेला बंगला, या क्रमाने गेलात की वित्क्येविचने काय उचललं आणि काय पदरचं घातलं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. उलट क्रमाने गेलात तर शेतकऱ्याचं घर उगाच गरीब वाटतं. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, तेवढं लेकीला बघून ठेवायला सांगा.

दुपारी याश्चुरूफ्काचं प्रार्थनाघर. गावाच्या पूर्वेला मोर्स्किए ओको तलावाच्या वाटेवर आहे, स्थानिक बस जाते. १९०४ मध्ये सुरू झालेलं हे काम वित्क्येविचचंच, आणि लाकूडकामासाठी एकच इमारत निवडा म्हटलं तर मी ही निवडीन. आत रंगीत काचांच्या खिडक्यांत पोलंड आणि लिथुएनियाची राजचिन्हं आहेत, तीही दोन्ही राज्यं अस्तित्वात नसताना. बाहेरून एक फेरी मारून वळचणीखालचे आधार बघा. प्रत्येक टोक वेगळ्या लांबीचं आहे, आणि का, ते छपराच्या उताराकडे बघितलं की उमगतं.

कोझिन्येत्स टेकडीवरचा ‘पोद येद्लामी’ हा १८९७ चा बंगला या शैलीतला सर्वात भारदस्त, पण तो खाजगी आहे. रस्त्यावरून बघायचा आणि परत फिरायचं, फाटक उघडून आत जायचं नाही. संगीताची आवड असेल तर ‘आत्मा’ बंगल्यात जा. हो, हेच नाव आहे. संगीतकार कारोल शिमानोफ्स्की १९३० ते १९३५ इथे राहिला, आता त्याचं संग्रहालय आहे. बंगला छोटा, माणसांच्या मापाचा. कोलिबा बघून दडपलेल्यांना तो बरा वाटतो. वित्क्येविचच्या आराखड्यावरच झालेली तात्रा संग्रहालयाची मुख्य इमारत विटा-दगडांची आहे. शैली लाकूड सोडून दगडात गेली की कशी अवघडते, हे बघायचं असेल तर जरूर जा. मला ती आवडत नाही.

क्रुपूफ्की या मुख्य बाजाररस्त्यावर वेळ कमी घालवा. गर्दी, पाट्या, घोड्याच्या बग्ग्या, धुरकट चीज विकणाऱ्या टपऱ्या. त्या चीजबद्दल एक. ओस्त्सिपेक हे मेंढीच्या दुधाचं चीज, २००८ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक नामसंरक्षण आहे, आणि ते मे ते सप्टेंबर या काळातच बनवतात. डिसेंबरात शेगडीवर गरम करून जॅमबरोबर देतात ते बहुतेक गाईच्या दुधाचं, त्याच आकारात घातलेलं. खायला छानच लागतं, खा.

तिसरा थर ओळखायच्या माझ्या खुणा सांगतो, म्हणजे हॉटेलच्या दारातच तुम्ही निकाल लावू शकाल. कोपऱ्यात बाहेर आलेल्या टोकाकडे बघा. ओंडक्याचं कापलेलं टोक असेल तर वर्षवलयं दिसतात, अर्धगोलात, गाभ्यापासून सालीपर्यंत, आणि तिथून निघालेली एखादी तरी चीर असतेच. वलयं नुसती उभ्या रेघांसारखी आणि जाडी तीन-चार सेंटीमीटर असेल, तर ती फळी आहे, मागे वीट किंवा काँक्रीट. दुसरी खूण जास्त खात्रीची. ओंडक्यांच्या घरात आतली आडवी भिंतही बाहेरच्या भिंतीत गुंतवावी लागते, त्यामुळे तिची टोकं दर्शनी भागावर उभ्या ओळीत दिसतात. बाहेरूनच खोल्या मोजता येतात. बारा-पंधरा मीटर लांब भिंत आणि मध्ये एकही टोकांची ओळ नाही, तर आत दुसरं काहीतरी वजन पेलतंय. तिसरी खूण मजल्यांची. दगडी जोत्यावर एक पूर्ण मजला आणि छपरातले एक-दोन, इथवर ओंडके ठीक. पाच मजली ‘लाकडी’ हॉटेल म्हणजे कापड चढवलेला सांगाडा.

नवं म्हणजे खोटं, असं मात्र धरू नका. पोदहालेतले सुतार आजही याच पद्धतीने घरं बांधतात, गावात आकारून, खुणा घालून, सुटी करून ट्रकवर चढवतात आणि दुसऱ्या प्रांतात नेऊन उभी करतात. वीस वर्षांपूर्वीची काही घरं मला कोश्चेलिस्का रस्त्यावरच्या काही बंगल्यांपेक्षा सरस वाटतात.

एक दिवस होहोवूफसाठी ठेवाच. झाकोपानेपासून १५-२० किलोमीटरवरचं हे खेडं, मिनीबस जातात. रस्त्याच्या दुतर्फा लाकडी घरांची सलग रांग, सगळी रस्त्याकडे छपराखालची त्रिकोणी बाजू करून उभी, वस्ती असलेली. तिथे वेगळेपण रंगात आहे. ठिकठिकाणी भिंती ताज्या तासल्यासारख्या पिवळसर दिसतात, कारण लोक दर वर्षी बाहेरून ओंडके घासून धुतात. न घासलेलं लाकूड उन्हापावसात राखाडी पडतं. वरचा थर उन्हाने जळतो, त्यावर बारीक बुरशी बसते. घासताना तो थर निघून जातो. पुस्तकी नियमाने बघाल तर दर वर्षी थोडं लाकूड कमी करणं चूक. तरी इथे ते चाललंय, आणि मला कारण असं दिसतं की घासणारा माणूस वर्षातून एकदा भिंतीच्या प्रत्येक इंचावर हात फिरवतो. कुठे ओल, कुठे किडीचा भुसा, कुठे वेणी सुटली, हे त्याला लगेच कळतं. याच गावात १८८९ मधलं एक घर ‘एकाच फर वृक्षातून बांधलेलं’ म्हणून दाखवतात. भिंतीतल्या अर्धुकांची रुंदी बघितलीत की दावा अशक्य वाटत नाही. वेळ उरला तर देंब्नोचं पंधराव्या शतकातलं लाकडी चर्च. २००३ पासून ते इतर लाकडी चर्चांसह जागतिक वारसा यादीत आहे. पण त्याला गाडी लागेल, दिवसही छोटा असतो.

दिवसाचं म्हणाल तर डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. घरं दक्षिणमुखी, म्हणून अकरा ते दोन या वेळात भिंतींवर तिरपं ऊन येतं आणि सांधे उठून दिसतात. बघायचं-टिपायचं ते तेव्हाच. बर्फ पडून ऊन आलं की वळचणीखाली उभं राहू नका. तीव्र उताराच्या छपरावरून बर्फाची लादी एकदम सुटते, आवाज येईपर्यंत ती खाली असते. थंड, वारा नसलेल्या संध्याकाळी दरीत कोळशाचा धूर साचतो. दमा असेल तर औषध जवळ ठेवा. आरोग्यस्थान म्हणून नावाजलेल्या गावाबद्दल हे लिहावं लागतं खरं. भूगर्भातल्या गरम पाण्यावर घरं तापवायची सोय पोदहालेत बरीच पसरली आहे, पण कोळसा अजून गेलेला नाही.

आणखी एक. तुम्ही कोल्हापूरचे आहात हे तिथे सांगायला लाजू नका. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ही हकिकत माहीत असलेली घरं पोलंडमध्ये आहेत, आणि तिथे कोल्हापूर हे नाव कानावर पडलं की चहा लवकर सुटत नाही.

आता गगनबावडा. ओंडक्यांचं घर तिथे बांधू नका.

झाकोपानेत वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, तोही बाराही महिने विभागून, आणि त्यातला मोठा काळ हवा इतकी थंड की बुरशी वाढतच नाही. गगनबावड्याला चार महिन्यांत पाच हजारांच्या पुढे, उबदार हवेत, वाऱ्याबरोबर आडवा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच राहिला की ते कुजायला लागतं. तुमच्या पावसाळ्यात स्प्रूस किंवा पाइनची भिंत ती रेघ जूनमध्ये ओलांडेल आणि ऑक्टोबरपर्यंत खाली येणार नाही. शिवाय वाळवी. पोदहालेच्या सुताराला भुंग्याच्या अळीची चिंता असते. ती दशकं घेते. वाळवी इतकी वाट बघत नाही. आणि इतकं करून मिळणार काय? आडव्या लाकडाच्या जाड भिंतीचा मोठा गुण म्हणजे ती उणे वीस तापमानात उब धरते. तुम्हाला उब धरायची नाही, हवा खेळवायची आहे.

बाहेरून सुटे भाग आणून ‘युरोपियन लॉग होम’ उभारून देणारे विक्रेते भेटतील. रसायन चढवलेलं आहे, काही होत नाही, असं म्हणतील. रसायन चढवलेलं लाकूड टिकतं, जोवर कुणी त्यात नवा काप घेत नाही. उभारताना मात्र प्रत्येक खाचेत नवा काप जातो. त्याहून वाईट म्हणजे इथल्या मिस्त्रींना ओंडक्यांची भिंत बसते हे माहीत नसतं. लाकूड आडवं आकसतं, उभं जवळजवळ नाही. पुरतं न वाळलेल्या ओंडक्यांची भिंत पहिल्या काही वर्षांत दर मीटर उंचीमागे दोन ते पाच सेंटीमीटर खाली येते. चौकटीच्या डोक्यावर तेवढी मोकळी जागा सोडली नाही तर भिंत चौकटीवर लटकते, तिच्या वरच्या फटी उघडतात, आणि पाऊस आत येतो.

तिथून उचलायचंच असेल तर छपराचा विचार उचला. उंच दगडी जोतं, भरपूर पुढे आलेली वळचण, प्रत्येक उघडं टोक निथळेल असं कापलेलं. भिंती चिऱ्याच्या करा, ऐन किंवा सागवानाचं छप्पर, मंगलोरी कौलं, आणि चारही बाजूंनी पडवी, म्हणजे पावसाची झड भिंतीला लागतच नाही. सागवान नवं घेण्यापेक्षा पाडलेल्या वाड्यांचं मिळतं ते बघा. शंभर वर्षांत जे वाकायचं-पिळायचं ते पिळून झालेलं असतं. घेताना प्रत्येक तुळई हातोडीने ठोकून आवाज ऐका, बद्द आला तर आत पोकळ. भिंतीत गाडलेल्या टोकांत पटाशी खुपसून बघा, कारण वाळवी तिथूनच शिरलेली असते. तेवढा तुकडा कापून उरलेली लांबी तुमच्या खोलीला पुरते का, यावर भाव ठरवा.

विक्रेत्याचं कोटेशन आधीच आलं असेल तर त्यात तीन आकडे शोधा: वळचण भिंतीपुढे किती आली आहे, सर्वात खालचा ओंडका जमिनीपासून किती वर आहे, आणि चौकटींवर भिंत बसण्यासाठी किती जागा सोडली आहे. तिन्ही लिहिलेले नसतील तर आगाऊ रक्कम देऊ नका.